चार डझन अंडी

चंद्रिकामन्नीनं हेमावतीला अंडी रंगवायला सांगितली ती अगदी सहज, शेवग्याच्या शेंगा सोलून ठेव म्हणावं तशी.

"शनिवारी तुला शाळा नाही की. चार डझन पुरेत. मिसेस जेबराजना मी फोनवर सांगून बसले, ईस्टरला आमच्या घरची रंगीत अंडी आम्हीच आणतो म्हणून. तुला येतं की ते?"

हेमावती वह्या तपासत होती. तिनं मान वर केली आणि भावजयीच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. हे काम तिच्या नणंदेला कुठं शिकायला मिळालं, त्यापायी घरात काय काय झालं, ते सारं चंद्रिकामन्नीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा ती लग्नाला दोनच वर्षं झालेली नवी सून होती. पण चोवीस वर्षांत ते तिच्या मनातून असं धुवून निघालं होतं की फक्त एवढंच उरलं होतं : हेमाला अंडी रंगवता येतात.

"येतं," हेमावती म्हणाली.

"सरी. मग झालं." मन्नी आत निघून गेली. आतूनच ओरडून म्हणाली, "स्वयंपाकघरात नको गे! देव आहेत. मागल्या पडवीत रॉकेलचा स्टोव्ह लावून देते. भांडं पण वेगळं आणते, नंतर टाकून द्यायला."

पश्चिम मांबळममधल्या त्या घरात हेमावती सेहेचाळीस वर्षांची होईतो राहिली होती. वडील ती अठरा वर्षांची असताना गेले. तंजावर सोडून मद्रासला आलेल्या त्या कुटुंबाचा भार थोरल्या भावावर, राघोत्तमअण्णांवर पडला. अण्णा तिच्याहून बारा वर्षांनी मोठे, बँकेत नोकरीला, संध्या न चुकवणारे, शब्दाचे पक्के. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, राघू होता म्हणून आपण तरलो. हेमावतीनंही कधी त्यात खोट काढली नाही. अण्णांनी तिला शिकवलं, शिक्षिका केलं. पेरांबूरच्या रेल्वे शाळेत पहिली नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी ते स्वतः तिला सोडायला आले होते.

त्याच शाळेत सिसिल रोझारियो गणित शिकवायचा. उंच, किडकिडीत, फळ्यावर डाव्या हातानं लिहिणारा. तो मुलांवर हात उगारत नसे, ह्याचंच तिला आधी नवल वाटलं. मग ती डबा खाताना त्याची वाट पाहू लागली, आणि मग तोही. दीड वर्ष नुसतं एवढंच चाललं. त्रेसष्ट सालच्या ईस्टरच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, आईला तुला भेटायचं आहे, चल. घरी शाळेत काम आहे सांगून ती गेली.

रेल्वे क्वार्टरमधलं दोन खोल्यांचं घर. सिसिलची आई जाडजूड, फुलाफुलांच्या फ्रॉकमधली बाई. तिनं हेमावतीला जवळ घेतलं नाही, प्रश्न विचारले नाहीत, सरळ तिच्या हातात एक उकडलेलं अंडं दिलं आणि मेणबत्तीचा तुकडा. "मेणानं काहीही काढ. रंग तिथं बसत नाही." हेमावतीनं आयुष्यात अंड्याला बोट लावलं नव्हतं. ते इतकं गुळगुळीत, इतकं ऊबदार असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं त्यावर दारात काढतात तसं लहानसं ठिपक्यांचं कोलम काढलं. निळ्या रंगातून अंडं बाहेर आलं तेव्हा पांढऱ्या रेघा अशा उमटल्या होत्या की म्हातारी टाळ्या वाजवायला लागली. पाला कसा चिकटवायचा, फडक्यात कसा आवळायचा, व्हिनेगर किती घालायचं, सगळं तिनं शिकवलं. त्या दुपारी हेमावती जितकी हसली तितकी पुन्हा कधी हसली नाही.

निळा रंग नखांतून निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पानावर बसताना अण्णांनी विचारलं, हे काय? तिला खोटं बोलता आलं नाही.

ओरडाआरडा झाला नाही. अण्णा पानावरून उठले, हात धुतले, आणि म्हणाले, "अंड्याला शिवलेले हात ह्या घरात अन्नाला लागायचे नाहीत. तुला तिकडे जायचं असेल तर आत्ता जा. आईचं काय होईल ते तू बघ." आईनं कपाळ बडवून घेतलं. सोमवारपासून हेमावती पेरांबूरला गेली नाही. राजीनामा अण्णांनीच टपालानं पाठवला. आठ दिवसांनी सिसिल घरी आला. अण्णांनी त्याला बाहेरच्या फाटकाशीच थांबवलं. ती आत रगड्यापाशी बसून इडलीचं वाटत होती. दोघांचे आवाज तिला ऐकू येत होते, शब्द येत नव्हते. वरवंटा फिरायचा थांबला तर आईला कळेल म्हणून ती वाटतच राहिली. मग फाटकाची कडी वाजली.

दोन वर्षांनी कुणीतरी सांगितलं, रोझारियोचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं.

त्यानंतर तिला स्थळं आली, पण कुठं जमलं नाही, आणि पुढं ती यायचीही थांबली. मांबळममधल्या दुसऱ्या शाळेत ती लागली. अण्णांची मुलगी विद्युलता जन्मली, तिला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत नेण्यापर्यंत सगळं हेमावतीनं केलं. आईचं शेवटचं आजारपण काढलं. नातेवाईक म्हणत, हेमासारखी समजूतदार मुलगी बघायला मिळायची नाही. भावाच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. ह्या एका शब्दावर, समजूतदार, ती चोवीस वर्षं जगली होती. कठीण दिवसांत तो तिला खरोखरच पुरायचा.

आणि आता जानेवारीत विद्युलतेनं जेवण सोडलं होतं. ती डॉक्टर जेबराजांच्या मुलाशी लग्न करणार होती. ख्रिश्चन, किल्पॉकला बंगला, मुलगा कॅलिफोर्नियात इंजिनियर. चार दिवस पोरगी खोलीचं दार लावून बसली. पाचव्या दिवशी अण्णा डॉक्टरांना भेटायला गेले. जाताना बसनं गेले, येताना डॉक्टरांच्या मोटारीनं आले, आणि बूट काढता काढता म्हणाले, "माणसं सुसंस्कृत आहेत." लग्न जूनमध्ये ठरलं. आधी देवळात, मग चर्चमध्ये.

हेमावतीला खरंच आनंद झाला होता. पोरीला तिनं पोटाशी धरलं होतं. आपल्यावर जे आलं ते हिच्यावर आलं नाही, देवाची दया, असं तिला वाटलं होतं. त्यात कुसळ शिरलं ते चंद्रिकामन्नीच्या त्या चार डझनांनी.

शुक्रवारी तिनं जॉर्ज टाउनला जाऊन एका बोळातल्या एसेन्सच्या दुकानातून खाण्याच्या रंगांच्या पुड्या आणल्या. शनिवारी सकाळी अंडी आणली ती रेल्वे फाटकापलीकडच्या दुकानातून, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. वर अगत्तीच्या पाल्याची जुडी ठेवली, तरी शेजारच्या कामाक्षीमामींनी विचारलंच, "एवढी सांभाळून काय नेतेस गे?" "कपबश्या," ती म्हणाली. खोटं बोलायला आता जमत होतं.

पडवीत स्टोव्ह भरभरत होता. एप्रिलचं ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं. अंडी तडकू नयेत म्हणून तिनं पाण्यात मीठ घातलं आणि हलक्या आचेवर एकेक डझन उकडून काढलं. मन्नीनं दह्याची मातीची बोळकी दिली होती, त्यांत गरम पाणी, रंग, चमचाभर व्हिनेगर. लाल, पिवळा, हिरवा, निळा. परसातल्या शेवग्याची कोवळी डहाळी ती अंड्याच्या पाठीवर बसवायची, अण्णांच्या जुन्या धोतराच्या चिंधीनं घट्ट आवळायची आणि रंगात सोडायची. फडकं सोडल्यावर पानन् पान पांढरं उमटलेलं असे. हातांना सगळं आठवत होतं. एवढ्या वर्षांत एकदाही न केलेलं काम हात असं करत होते की जणू दर वर्षी करत आले आहेत. ह्याचाच तिला राग येऊ लागला.

विद्युलता एकदा डोकावली. "अत्तै, सो प्रिटी!" ती म्हणाली. मराठी तिला कळे पण तोंडात बसत नसे. तिनं एक पिवळं अंडं उचलून उन्हात धरलं आणि पार्लरला जायचंय म्हणून निघून गेली.

दिवेलागणीच्या आधी अण्णा पडवीच्या दारात आले. निवृत्त होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. उंबऱ्याच्या आतच उभे राहिले.

"वास फार येत नाही की," ते म्हणाले. नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून.

हेमावतीनं निळ्या बोळक्यातून अंडं काढलं, ताटात ठेवलं. "अण्णा, एक विचारू?"

"विचार की."

"हेच हात आहेत माझे. रात्री ह्याच हातांनी तुम्हाला वाढायचं आहे. चालेल?"

अण्णांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते कंटाळल्यासारखे झाले. "ते कशाला आता, हेमा? काळ बदलला."

"तुमचा बदलला. माझ्या वेळी काळ बदलायला काय झालं होतं?"

"ते वेगळं होतं. तो शाळामास्तर. रेल्वेच्या दोन खोल्या. डॉक्टर जेबराजांचं घर बघितलंस तू?"

पुसायचं फडकं तिच्या हातातच राहिलं. "म्हणजे धर्म नव्हता आडवा," ती सावकाश म्हणाली. "दोन खोल्या होत्या."

"शब्दांत पकडू नको. धर्म पण होता. आई होती. सगळंच होतं." अण्णांचा आवाज चढला. "आणि मला एकट्याला काय विचारतेस? विद्यू चार दिवस उपाशी राहिली. तू काय केलंस? एक संध्याकाळ रडलीस, दुसऱ्या दिवशी उठून केर काढलास. तो आला तेव्हा मी फाटकाशी अर्धा तास बोलत होतो त्याच्याशी. दहादा मागे वळून बघितलं त्यानं. मीही बघितलं. तू आलीस बाहेर? तू एकदा बाहेर आली असतीस, अण्णा, मी ह्याच्याबरोबर जाते म्हणाली असतीस, तर मी काय करणार होतो? बांधून ठेवणार होतो?"

स्टोव्हवरचं पाणी उकळत होतं. तिनं ते उतरवलं नाही.

"तूच हट्ट धरला नाहीस," अण्णा म्हणाले, आता जरा मऊ आवाजात, आपण समजूत घालतो आहोत अशा. "मला वाटलं, तुला फारसं नव्हतंच."

ते आत गेले. टीव्हीवर तमिळ बातम्या लागल्याचा आवाज आला. हेमावतीनं उरलेली अंडी रंगवली, वाळवली, खोबरेल तेलाचं बोट फिरवून चकाकवली. जीव जळत होता तो अण्णा खोटं बोलले म्हणून नव्हे. त्यांचं बोलणं खरं होतं म्हणून. समजूतदार, समजूतदार म्हणून सगळ्यांनी जो टिळा लावला, त्याचा अर्थ एवढाच होता : हिला फारसं नव्हतंच.

रविवारी टॅक्सीनं चौघं किल्पॉकला गेली. अंड्यांची टोपली हेमावतीच्या मांडीवर होती. बंगल्याच्या आवारात आंब्याची चार झाडं, पांढरं कापड घातलेली टेबलं, नातेवाइकांची पंधरा-वीस मुलं. मिसेस जेबराजांनी टोपलीवरचं कापड काढलं आणि एकेक अंडं उचलून बघू लागल्या.

"कुणी केली ही?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"आमच्या विद्यूनंच," चंद्रिकामन्नी म्हणाली. "रात्रंदिवस बसली होती हो."

विद्युलता गोड हसली. नाही म्हणाली नाही.

"हे पान कसं उमटवलंस, माय डियर? माझ्या आईला जमायचं. मला कधी आलंच नाही."

विद्युलतेचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं हेमावतीकडे पाहिलं. सांभाळून घे, अशी ती नजर होती. शाळेत गृहपाठ विसरला की ती अशीच बघायची, आणि हेमावती दर वेळी सांभाळून घ्यायची.

"पान मी उमटवलं," हेमावती म्हणाली. "अंडी मी रंगवली."

"ओ!" मिसेस जेबराज तिच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही कुठं शिकलात? तुमच्यात तर..."

"पेरांबूरला. त्रेसष्ट साली. मिसेस रोझारियोंनी शिकवलं. त्यांच्या मुलाशी माझं लग्न व्हायचं होतं." तिचं इंग्रजी शिक्षिकेचं होतं, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं. "माझ्या भावाला ते चाललं नाही. अंड्याला शिवलेली बाई घरात नको, म्हणाले."

अण्णांच्या हातातला सरबताचा ग्लास तसाच राहिला. मन्नी पदर चाचपू लागली. हेमावतीला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. चोवीस वर्षांनी ती बाहेर आली होती.

मिसेस जेबराजांनी दोन्ही हात छातीशी धरले. "हाउ रोमँटिक!" त्या म्हणाल्या. "जॉर्ज, ऐकलंस? म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच झाला असतात!"

डॉक्टर हसत हसत जवळ आले. "रोझारियो? पेरांबूरचे? त्यातले एक पर्थला आहेत, दरवर्षी ख्रिसमस कार्ड येतं. पत्ता हवा का?" आणि मग अण्णांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "बघा, काळ कुठल्या कुठं गेला! आता तुम्हीच अंडी घेऊन आलात." अण्णाही हसले. आधी कसनुसे, मग मोकळे. मन्नी हसली. सगळे हसले. कुणीतरी शिट्टी वाजवली आणि मुलं ओरडत अंडी शोधायला झाडांमागे पळाली. दहा मिनिटांत अर्धी अंडी फुटली होती. एक पोरगं शेवग्याच्या पानाचं अंडं दुसऱ्याच्या कपाळावर आपटून फोडत होतं.

तिला पत्ता हवा का, हे पुन्हा कुणी विचारलं नाही. तिनंही मागितला नाही.

घरी आल्यावर विद्युलता तिच्या खोलीच्या दारात आली. डोळे लाल होते. ह्या वेळी ती इंग्रजीत नाही, मोडक्या मराठीतच बोलली. "अत्तै, माझ्याच दिवशी सांगायचं होतं तुला? माझ्या सासूसमोर? मला खोटी पाडलीस."

"तू खोटी होतीसच गे," हेमावती म्हणाली. जन्मात तिनं ह्या मुलीला एवढं कठोर काही ऐकवलं नव्हतं.

पोरीनं डोळे पुसले. "अप्पा बरोबर म्हणतात," ती म्हणाली, "तुला आमचं सुख बघवत नाही." आणि निघून गेली.

अण्णा तसं कधी म्हणाले होते, हे हेमावतीला त्या दिवशी कळलं.

लग्न जूनमध्ये थाटात झालं. हेमावती दोन्हीकडे हजर होती, देवळात पुढल्या रांगेत, चर्चमध्ये मागल्या. विद्युलता पाया पडली, पण आशीर्वाद ऐकायला थांबली नाही. जुलैत हेमावतीनं शाळेजवळच्या नोकरदार बायकांच्या हॉस्टेलमध्ये एक खाट घेतली. "लोक काय म्हणतील?" एवढंच अण्णा म्हणाले. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. हॉस्टेलचं जेवण बेचव होतं आणि खोलीत दुसरी एक टायपिस्ट होती, ती झोपेत बडबडायची. हेमावतीला सुख लागलं असं नाही. फक्त रोज संध्याकाळी कुणाचं ताट वाढायचं नसे.

पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये वॉर्डननं निरोप पाठवला, भाऊ आले आहेत. अण्णा भेटीच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसले होते. वाळले होते. विद्युलतेला दिवस गेले होते, बाळंतपणासाठी मन्नी सहा महिने अमेरिकेला गेली होती.

"बाहेरचं खाऊन पोट बिघडतंय," अण्णा म्हणाले. "तू ये घरी. तुझी खोली तशीच आहे. ह्या वयात कशाला ही हॉस्टेलं?"

हेमावतीनं त्यांच्यासाठी मेसमधून कॉफी मागवली. त्यांनी ती निवेपर्यंत हातात धरली. ते खरोखर दमलेले दिसत होते. वडील गेल्यावर तिची फी भरायला धावत आलेला तोच हा भाऊ होता, हेही तिला दिसत होतं. त्यांच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं.

"मी नाही येत, अण्णा," ती म्हणाली.

"सहाच महिने."

"नाही."

अण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली. ती रडेल, कारण सांगेल, निदान मान खाली घालेल, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी कॉफी तशीच ठेवली, छत्री उचलली. "बरं," म्हणाले आणि गेले. भांडण नाही, शाप नाही. आभाळ कोसळलं नाही. रस्त्यावर बस आली, अण्णा कष्टानं पायरी चढले, बस निघून गेली.

हेमावती खिडकीशी उभी होती. नाही म्हणायला जेमतेम एक श्वास लागला होता. बाविसाव्या वर्षीही एवढाच लागला असता. हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता कळून त्याचा काही उपयोग नव्हता. खाली मेसची घंटा झाली. टायपिस्ट दारातून म्हणाली, "मिस, सांबार संपेल, चला." हेमावती म्हणाली, तू हो पुढं, आणि अण्णांचा कप उचलून मोरीत ओतायला गेली.